वजन उतरवताना घरचा पिझ्झा: माझं गणित आणि तुमचे प्रयोग

गोदाकाठ

गेले १४ महिने वजन उतरवते आहे. उंची १५६ सेंटिमीटर, सुरुवातीचं वजन ७४ किलो, आज सकाळी काट्यावर ६६. रोजचं चालणं, रात्रीचं जेवण आठच्या आत आणि पानात वाढताना मोजून घेणं, एवढ्यावरच हे झालं. पण पहिले दोन-अडीच महिने वगळले तर या १४ महिन्यांत पिझ्झा सोडलेला नाही. दर शनिवारी रात्री आमच्याकडे पिझ्झा असतो आणि मी अख्खा एक खाते. ओळखीतल्या बऱ्याच जणींनी 'कसं काय?' विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी आमच्याकडे पिझ्झा कसा व्हायचा ते सांगते, कारण खरी गोम तिथे होती. बेकरीतून आठ इंची जाड बेस आणायचा, त्याला दोन्हीकडून लोणी लावून तव्यावर भाजायचा. वर टोमॅटो केचप आणि मेयोनीजचा थर, कांदा-शिमला मिरची, मग चीजचे क्यूब किसून बेस दिसेनासा होईपर्यंत घालायचे. एकदा हे सगळं वजनकाट्यावर ठेवलं. बेस १३० ग्रॅम म्हणजे साधारण ३५० कॅलरी. चीज १०० ग्रॅम, ३०० च्या वर. लोणी दोन चमचे, ७० च्या आसपास. मेयोनीज मोठा चमचाभर, ९० ते १००. वर केचप. एका माणसाचा हिशोब साडेआठशेवर गेला आणि भाज्या त्यात जेमतेम २० कॅलरींच्या. ज्या भाज्यांना मी 'जड' समजत होते, त्यांचा यात काहीच दोष नव्हता.

आता माझी पाककृती (पाकृ). चार पिझ्झ्यांसाठी:

मैदा २०० ग्रॅम, गव्हाचं पीठ १०० ग्रॅम, पाणी २०० मिली, मीठ ६ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट पाव चमचा, तेल एक चमचा. शुक्रवारी रात्री पीठ, पाणी आणि यीस्ट नुसतं कालवून अर्धा तास झाकून ठेवते. मग मीठ-तेल घालून सात-आठ मिनिटं मळते. पोळीच्या कणकेपेक्षा हे पीठ बरंच सैल आणि चिकट असतं, घाबरून वरून पीठ घालू नका. तासभर बाहेर ठेवून चार गोळे करायचे, तेलाचा हात लावलेल्या डब्यात घालून फ्रीजमध्ये. शनिवारी करायच्या आधी दोन तास बाहेर काढायचे, उन्हाळ्यात एक तास पुरतो.

सॉस: ४०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो गॅसवर भरतासाठी वांगं भाजतो तसे भाजून, साल काढून हाताने कुस्करते. चमचाभर तेलात लसणाच्या चार पाकळ्या, मग टोमॅटो, मीठ, लाल तिखट किंवा चिली फ्लेक्स. पळीवाढं न ठेवता चटणीसारखं घट्ट होईपर्यंत आटवायचं. साखर नको. टोमॅटो आंबट निघाले तर जास्त वेळ आटवा.

प्रत्येक पिझ्झ्यावर मोझरेला ४० ग्रॅम, भाज्या ७०-८० ग्रॅम, आणि भाजून झाल्यावर वरून अर्धा चमचा तेल.

हिशोब: एका गोळ्यातलं ७५ ग्रॅम पीठ २६०, सॉस ३०, चीज १२०, भाज्या २५, तेल सगळं धरून ३०. म्हणजे ४६५. नऊ इंची अख्खा पिझ्झा. शेजारी मोठा वाडगा भरून काकडी-गाजराची कोशिंबीर, दाण्याचं कूट न घालता. पोट भरतं आणि रात्री फ्रीज उघडावासा वाटत नाही.

तुम्ही काय करता, ते मोजमापासकट लिहा. 'थोडंसं', 'अंदाजे' असं नको, कारण माझं वजन त्या अंदाजानेच वाढलं होतं.

मीठमिरी

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! वाचनखूण साठवली.

गोदाताई, मी फ्लॉवरचा बेस करते, मैदा पूर्ण बंद. फ्लॉवर किसून, वाफवून, फडक्यात घट्ट पिळायचा. एक अंडं आणि किसलेलं चीज घालून थापायचा आणि ओव्हनमध्ये भाजायचा. तुमच्या बेसपेक्षा तो हलका पडेल असं वाटतं. करून बघणार का?

कर्जतलोकल

छान धागा. माझी अडचण वेगळी आहे. डोंबिवलीत वन-रूम-किचन, ओव्हन ठेवायला जागा नाही आणि घरात ७४ वर्षांची आई. तिला पिझ्झा 'कच्चट लागतो' असं तिचं म्हणणं. तव्यावर हे जमेल का? आणि यीस्ट नाही घातलं तर?

गोदाकाठ

मीठमिरी, तुझ्या प्रतिसादानंतर फ्लॉवरचा बेस आजच करून बघितला, वजनकाटा शेजारी ठेवून. ३०० ग्रॅम फ्लॉवर म्हणजे ७५ कॅलरी. एक अंडं ७०. बेस तुटू नये म्हणून त्यात ६० ग्रॅम चीज लागलं, ते १७५. म्हणजे वर काहीही घालायच्या आधीच ३२०. माझा पिठाचा गोळा २६० चा. कर्बोदकं तुझ्या बेसमध्ये कितीतरी कमी आणि प्रथिनं जास्त, त्यामुळे ज्यांना कर्बोदकं आवरायची आहेत त्यांना तो नक्की उपयोगी. नुसत्या कॅलरी मोजत असशील तर बेसमध्ये गेलेलं चीज धरायला विसरू नकोस. चव मला आवडली, फ्लॉवरच्या कटलेटसारखी खमंग.

कर्जतलोकल, तव्यावर उत्तम होतो. तव्याचं खमीरदादांना जास्त कळतं, ते येतीलच.

खमीर

आलो. गोदाताईंच्या पाकृत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पाव चमचा यीस्ट आणि रात्रभर फ्रीज. त्यामागचं कारण लिहितो, म्हणजे आपापल्या घरी बदल करता येतील.

थंडाव्यात यीस्ट संथ चालतं, पण पिठातली एन्झाइम्स आपलं काम करत राहतात. स्टार्चची थोडी साखर होते, हलका आंबूसपणा येतो, पीठ ताणायला सैल पडतं. दोन तासांत फुगवलेल्या पिठाला स्वतःची चव फारशी नसते, म्हणून मग आपण वर लोणी, केचप, चीज यांची भर घालत जातो. बेस चवदार असला की वरचं आपोआप कमी लागतं. वजन उतरवणाऱ्याने सगळ्यात जास्त कष्ट पिठावर घ्यावेत, असं मी कळकळीने सांगेन. २४ तास चांगले, ४८ तास त्याहून चांगले. ७२ च्या पुढे माझं पीठ ढिलं पडून फाटतं.

गव्हाच्या पिठाबद्दल: कोंड्याचे कण ग्लुटेनच्या (गव्हातल्या चिवट प्रथिनाच्या) जाळीत आडवे येतात, म्हणून संपूर्ण कणकेचा बेस दडस होतो. एक तृतीयांशपर्यंत छान जमतं. त्याहून जास्त घ्यायचं असेल तर पाणी वाढवा आणि मळण्याआधीची विश्रांती अर्ध्या तासाऐवजी तासभर करा. आणि एक गैरसमज: कणीक आणि मैदा यांच्या कॅलरींत फार फरक नाही, १०० ग्रॅमला दोन्ही ३३० ते ३५० च्या घरात. कणकेचा फायदा चोथ्याचा आहे, पोट भरल्यासारखं लवकर वाटतं.

लाटणं वापरू नका. बोटांच्या टोकांनी मधून बाहेर दाबत जा, कडेचा अर्धा इंच सोडून. लाटलं की आतली हवा निघून जाते आणि खाकऱ्यासारखी चकती उरते.

आता तवा. कर्जतलोकल, बिडाचा जड तवा असेल तर तुमचं काम झालं. तवा मोठ्या आचेवर चांगला तापवा. पीठ पसरून तव्यावर टाका, दीड-दोन मिनिटांत वर फोड येतील आणि खाली चट्टे पडतील. उलटा. आता भाजलेली बाजू वर आली. आच मंद करून तिच्यावर सॉस, भाजी, चीज घाला आणि खोलगट झाकण ठेवा. चार-पाच मिनिटं. झाकणाला आतून पाणी सुटतं ते पिझ्झ्यावर ठिबकू देऊ नका, मधे एकदा फडक्याने पुसा. सगळ्यात शेवटी झाकण काढून अर्धा मिनिट मोठी आच. तुमच्या आईंना कच्चट लागतं ते बहुतेक बेकरीच्या जाड बेसमुळे, तो आत नीट तापतच नाही. दोन्हीकडून भाजलेला पातळ बेस त्यांना आवडेल.

ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) असणाऱ्यांसाठी: तापमान सगळ्यात वर, बहुतेकांकडे २५० असतं. लोखंडी तवा उलटा करून आत ठेवा आणि ४० मिनिटं तापू द्या. पिझ्झा थेट त्या तव्यावर सरकवा, सहा ते आठ मिनिटांत होतो. थंड ट्रेमध्ये ठेवून भाजलेला पिझ्झा वाळतो आधी आणि भाजतो नंतर.

कास_पठार

मी ६८ वर्षांचा माणूस, साताऱ्याचा. सगळं वाचलं. कुणाला दुखवायचं नाही, पण मनापासून विचारतो. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा एवढं सुंदर जेवण हाताशी असताना काटे, ग्रॅम, एन्झाइम एवढा खटाटोप पिझ्झ्यासाठी कशाला? वजन कमी करायचं आहे ना, मग आठवड्यातला तो एक दिवसही साधं खावं. चार महिने नाही खाल्ला पिझ्झा तर काय बिघडतं?

गोदाकाठ

काका, प्रश्न रास्त आहे आणि मी स्वतःला तो विचारलेला आहे. उत्तर थोडं घरगुती आहे.

वजन उतरवायला सुरुवात केली तेव्हा पहिले दोन-अडीच महिने मी तुम्ही म्हणता तसंच केलं. घरात शनिवारी पिझ्झा चालूच होता, माझी मुलगी तेव्हा १४ वर्षांची, धाकटा ९ चा. त्यांना मी करून वाढायचे आणि मी स्वतः काकडी-टोमॅटोची ताटली घेऊन बसायचे. वर तोंडाने 'मला नको गं, माझं वजन बघ किती झालंय' हे चालू असायचं. दर शनिवारी. मला वाटायचं मी फार मनाचा निग्रह दाखवते आहे.

एका शनिवारी मुलीने ताटली बाजूला सारली आणि म्हणाली, 'मलाही काकडीच दे, माझंही पोट दिसायला लागलंय.' तिचं वजन तिच्या उंचीला अगदी योग्य आहे. वाढीचं वय, दिवसभर शाळा, क्लास, संध्याकाळी बॅडमिंटन. त्या रात्री ती खरंच काकडी खाऊन झोपली. मी ओट्याशी उभी राहून रडले. मी तिला काही शिकवायला बसले नव्हते, ती नुसती माझ्या समोर बसून बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून 'माझं वजन बघ' हे वाक्य मी घरात बंद केलं. आणि ठरवलं की शनिवारी सगळ्यांच्या पानात जे असेल तेच माझ्या पानात असेल. ते मला परवडेल असं करायचं, म्हणून हे सगळं मोजमाप. मोजणं मी शुक्रवारी रात्री स्वयंपाकघरात एकटी असताना उरकते, जेवायच्या टेबलावर ग्रॅमचा विषय निघत नाही.

भाकरी-पिठलं आमच्याकडे बुधवारी असतं काका, आणि तेही मी मोजते. पिठल्याला पळीभर तेल घातलं की १२० कॅलरी तिथेच वाढतात.

कास_पठार

पोरी, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. माझी नात १३ वर्षांची आहे आणि तिची आई दिवसातून चार वेळा वजनकाट्यावर उभी राहते. आज सूनबाईंशी बोलतो. माझा आक्षेप मागे घेतो.

मीठमिरी

गोदाताई, +१००. माझ्याकडेही मुलगी आहे. अजून पाच वर्षांची आहे, पण बघते सगळं.

कमानीखालून

मी गेली सहा वर्षं इटलीत, बोलोन्यात राहते, म्हणून इकडचं थोडं लिहिते. इथे पिझ्झेरियात माणशी एक अख्खा पिझ्झा मागवतात, आणि बहुतेक वेळा तेच पूर्ण जेवण असतं. आधी गार्लिक ब्रेड, बरोबर गोड शीतपेय, वर चीजचं डिप असला लवाजमा नसतो.

नेपल्सच्या पिझ्झ्याची तर मापं ठरलेली आहेत. तिथल्या पिझ्झाइओलो (पिझ्झा करणाऱ्या कारागीर) लोकांची संघटना १९८४ साली झाली आणि त्यांनी नियमच लिहून काढले: पिठाचा गोळा २०० ते २८० ग्रॅम, लाकडाच्या भट्टीत ४३० ते ४८० अंशांवर ६० ते ९० सेकंद. २०१७ मध्ये युनेस्कोने ही कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. मार्गेरिटावर मोझरेला असतं ८० ते १०० ग्रॅम, आणि ते सुद्धा पांढऱ्या ठिपक्यांसारखं, मधे लाल सॉस दिसत राहतो. चीजची चादर तिथे कुणी घालत नाही. २५० ग्रॅमच्या गोळ्यात पीठ साधारण १५० ग्रॅम, त्यामुळे अख्ख्या पिझ्झ्याच्या ८०० ते ८५० कॅलरी होतात. गोदाताई, तुमचा गोळा १२५ ग्रॅमचा नऊ इंचांवर पसरलेला आणि त्यांचा २५० ग्रॅमचा बारा-साडेबारा इंचांवर. मी हिशोब केला, जाडी जवळजवळ सारखीच येते. म्हणजे तुम्ही पिझ्झा 'डाएट' केलेला नाही, फक्त आकाराने लहान आणि चीजने बेताचा केला आहे.

मला सांगायचंय ते खरं तर मरिनाराबद्दल. त्या संघटनेच्या नियमांत दोनच पिझ्झे आहेत, मार्गेरिटा आणि मरिनारा. मार्गेरिटाला राणीचं नाव पडल्याची १८८९ ची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण मरिनारा तिच्याहून जुना. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, ऑलिव्ह तेल. चीज अजिबात नाही! नेपल्समध्ये पहिल्यांदा खाल्ला तेव्हा वाटलं होतं की काहीतरी विसरलेत. दुसऱ्या घासाला मत बदललं. लसूण पातळ चकत्यांचा, कडा जळकी-फुगलेली, टोमॅटो आंबटगोड. घरी तुमच्या मापाने केलात तर ३६०-३७० कॅलरींत बसेल, आणि तो काही पर्याय म्हणून शोधलेला पदार्थ नाही, मूळचाच तसा आहे.

वाडीतली

मरिनारा वाचून लगेच परसात गेले. आमच्याकडे कुडाळला सुकं ओरेगॅनो आणायला बाजार गाठावा लागतो, पण पानओवा दारातच आहे. जाड, लुसलुशीत पानांचा, ज्याची आपण भजी करतो तो. त्याच्या वासात ओव्याचा अंश असतो आणि ओरेगॅनोचाही, कारण दोन्हीकडे थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही एकाच घरातली द्रव्यं आहेत. दोन पानं अगदी बारीक चिरून सॉस आटत आला की घालायची. कच्ची वर टाकू नका, झणका जास्त येतो.

आणि बेझिल विकत आणताना हळहळणाऱ्यांसाठी: ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेझिलच. इटालियन वाणापेक्षा वास किंचित बडीशेपेकडे झुकतो, पान लहान. पण कुंडीत मूठभर सब्जा पेरला की महिन्याभरात पानं मिळतात. देवघरातली तुळस मात्र वेगळी, ती लवंगेसारखी तिखट लागते, पिझ्झ्यावर जमत नाही.

आता माझा प्रयोग. सासूबाईंना मैदा चालत नाही, म्हणून मी ज्वारीच्या भाकरीवर करते. ६० ग्रॅम पीठ, म्हणजे २०० ते २१० कॅलरी. उकळत्या पाण्यात पीठ मळून नेहमीपेक्षा पातळ भाकरी थापायची, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायची, पण फुगवायची नाही, नाहीतर पापुद्रा सुटून वरचं सगळं घसरतं. पूर्ण गार करून मग पुन्हा मंद तव्यावर कडक करायची. सॉस अगदी कोरडा हवा आणि घातल्यावर पाच मिनिटांत खायचा. ज्वारीत ग्लुटेन नाही, ओल धरली की तिचा लगदा होतो.

थालीपिठाच्या भाजणीवरही करून पाहिलं. चव फारच छान. पण ते थालीपीठच राहतं, वर चीज घातलेलं. मुलांनी खाल्लं आणि 'आता पिझ्झा कधी?' विचारलं.

खमीर

वाडीतली, पानओव्याचं सुचलंच नव्हतं, कुंडी शोधतो!

पाण्याचा मुद्दा निघालाच आहे तर: कमी चीजचा पिझ्झा बिघडतो तो बहुतेक वेळा ओलीमुळे. भरपूर चीज असलं की भाजीचं पाणी त्यात लपून जातं, ४० ग्रॅम चीजमध्ये लपत नाही. मशरूम कोरड्या कढईत पाणी सुटून आटेपर्यंत परता. टोमॅटोच्या चकत्या घालायच्या तर बिया काढा. पालक वाफवून पिळून घ्या. भाज्यांना आधी मीठ लावून ठेवू नका, मीठ सॉसमध्ये पुरेसं आहे. आणि वांगं! भाजलेल्या वांग्याच्या मऊ फोडी पिझ्झ्यावर घालून बघा. इटलीतही घालतात आणि आपल्याला तर वांगं भाजायला शिकवायला नको.

चीज विकत घेताना पाकिटावरचे घटक वाचा. दूध, मीठ, कल्चर, एन्झाइम एवढंच असेल तर मोझरेला. वनस्पती तेल किंवा पाम तेल दिसलं तर ते चीजसारखं दिसणारं दुसरं काहीतरी आहे, त्याला ना ओढ ना चव. मोजकंच खायचं आहे तर खरं खा. चीज फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवून बारीक किसणीने किसलं की ४० ग्रॅमचा ढीग दुप्पट दिसतो आणि सगळीकडे पोचतो.

मीठमिरी

चीजऐवजी पनीर चालेल का? आणि लो-फॅट चीज?

गोदाकाठ

पनीर घाल, पण कॅलरी वाचवण्यासाठी घालू नकोस. साध्या दुधाच्या पनीरमध्ये १०० ग्रॅमला २७० ते ३०० कॅलरी असतात, मोझरेलाच्या बरोबरीच्याच. शिवाय पनीर वितळत नाही, कारण ते आंबट घालून फाडलेलं असतं. मोझरेला एन्झाइमने विरजलेलं आणि गरम पाण्यात ताणलेलं, म्हणून त्याची तार निघते. मी कधीकधी २५ ग्रॅम मोझरेला आणि २५ ग्रॅम कुस्करलेलं पनीर घालते, प्रथिनांसाठी.

लो-फॅट चीज दोनदा आणलं. रबरासारखं झालं आणि वर कातडं धरलं. खाऊन समाधान झालं नाही म्हणून मी दुसरा अर्धा पिझ्झा घेतला. तेव्हापासून आणत नाही. त्यापेक्षा पांढरा सॉस म्हणून चक्का वापर: दोन चमचे चक्का, किसलेली लसणाची पाकळी, मिरपूड, मीठ. पिझ्झा भाजून उतरवल्यावर वरून थेंब थेंब घालायचा, आधी घातला तर फुटतो.

कमानीखालून

पार्मेजान १० ग्रॅम किसून घातलं की ४० कॅलरींत भरपूर खारट-खमंग चव येते. पण शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा, अस्सल पार्मिजानो रेज्जानोत वासराच्या पोटातलं रेनेट (दूध विरजवणारं एन्झाइम) असतं.

चालतो_रोज

वय ५८, मधुमेह ११ वर्षांपासून. मला वजनाबरोबर साखरही सांभाळायची आहे, म्हणून माझा अनुभव लिहितो. ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावं.

पिझ्झ्याने मला सुरुवातीला फसवलं. जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजायचो, आकडा चांगला यायचा, मी खूश. पण सकाळी उपाशीपोटीची साखर चढलेली. डॉक्टरांनी समजावलं की चीज-तेलामुळे पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे पिठाची साखर उशिरा रक्तात उतरते. मधुमेहींमध्ये हा प्रकार माहितीचा आहे. त्यांच्या सांगण्यावरून पिझ्झ्याच्या दिवशी मी चार तासांनीही मोजतो.

आता मी काय करतो: संध्याकाळी सातला जेवतो, रात्री दहाला नाही. आधी वाडगाभर कोशिंबीर आणि वाटीभर मोड आलेल्या मुगाची उसळ, मग गोदाताईंच्या मापाचा अर्धा पिझ्झा. त्यावर ५० ग्रॅम शिजवलेलं चिकन असलं की आणखी १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. जेवणानंतर अर्धा तास बायकोबरोबर चालणं. या क्रमाने माझे आकडे बरेच आटोक्यात राहतात. उरलेला अर्धा तिचा.

बाहेर जायची वेळ आली तर पातळ बेसचा मागवतो, कडेत चीज भरलेला कधीच नाही, आणि दोघांत एक.

मीठमिरी

काका, उसळ आणि पिझ्झा! हे डोक्यातच आलं नव्हतं. करणार.

एअर फ्रायरवाल्यांसाठी: २०० वर पाच मिनिटं आधी तापवून घ्या, बेस एकटा तीन मिनिटं, मग सगळं घालून पाच मिनिटं. पंख्याने चीज उडतं, म्हणून चीज भाजीच्या खाली घाला आणि थोडंच वर. माझ्या फ्रायरमध्ये सात इंचीच मावतो, त्यामुळे माप आपोआप राहतं.

कर्जतलोकल

धागा वर काढतोय. शुक्रवारी रात्री पावणेअकराला कामावरून आल्यावर पीठ भिजवलं, शनिवारी तव्यावर केला. पहिला फाटला, कारण मी हाताला चिकटतंय म्हणून ओढाओढ केली. दुसऱ्याला हाताला तांदळाचं पीठ लावलं आणि शांतपणे पसरवला. फोड आले तेव्हा आई स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. म्हणाली, 'हे तर नानसारखं दिसतंय.' उलटा केला, सॉस, कांदा, शिमला मिरची, ४० ग्रॅम चीज मोजून. झाकणाचं पाणी पुसलं.

आईने अर्धा खाल्ला. नंतर उरलेल्या अर्ध्याकडे बघत म्हणाली, 'खालून खरपूस झालाय, कच्चट नाही.' मग तोही खाल्ला. मी फाटलेला खाल्ला, चवीला तोही उत्तमच होता. माझं वजन ९१ आहे, कमी करायला आत्ताच सुरुवात केली आहे. रात्री उशिरा घरी येताना स्टेशनबाहेर जे काही खाल्लं जायचं, ते या शनिवारी खाल्लं नाही, घरी गोळे वाट बघत होते.

एक प्रश्न: चारातले दोन गोळे उरलेत. किती दिवस टिकतील?

गोदाकाठ

वाचून फार आनंद झाला. आईंना माझा नमस्कार सांगा.

शुक्रवारपासून मोजून तीन दिवस फ्रीजमध्ये चालतील, सोमवारच्या रात्रीपर्यंत संपवा. तोवर जमणार नसेल तर आत्ताच प्रत्येक गोळ्याला तेलाचा हात लावून वेगवेगळ्या पिशवीत घाला आणि फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर राहतात. करायच्या आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढून ठेवायचे. उशिरा घरी येणाऱ्या माणसाला हा फार मोठा आधार आहे. सॉसही बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, एका पिझ्झ्याला तीन खडे लागतात.

आमच्याकडे आता पीठ मुलगी मळते. गेल्या शनिवारी तिने स्वतःच्या पिझ्झ्यावर ७० ग्रॅम चीज घातलं, वर मका आणि अंडं फोडलं, आणि सगळा संपवला. या शनिवारी मरिनारा करायचा आहे, तिलाही चीजशिवाय कसा लागतो ते बघायचंय, शिवाय तिचा नेहमीचा एक वेगळा होईलच. वाडीतली, पानओव्याची फांदी नुसती मातीत खोचली तर लागते ना? शेजारच्या आजींकडे आहे, आज संध्याकाळी मागून आणते.